मांडणीला चाकं

आमच्या ओळखीत एक गृहस्थ आहेत. घरात जिरं कुठे असतं असं विचारलं तर ते आधी फ्रिज उघडतात, मग ओट्याखालचं दार उघडून तिथल्या सिलिंडरकडे बघत राहतात, आणि शेवटी हाक मारतात. मात्र त्यांच्या गाडीत जिरं कुठे आहे हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. डावा खण, दुसरी रांग, काळं झाकण. झाकणावर पांढरी पट्टी, पट्टीवर छापील 'जिरे', आणि खाली बारीक अक्षरांत भरल्याची तारीख. घरच्या जिऱ्याला आजवर कुणी तारीख घातलेली नाही. ते संपलं की वाण्याकडून येतं, एवढाच त्याचा इतिहास.

या गृहस्थांना आपण मालक म्हणू. त्यांचे सगळेच मित्र त्यांना तसं म्हणतात, कारण त्यांच्याकडे जिम्नी आहे आणि ते ती 'ओव्हरलँडिंग'साठी वापरतात. ओव्हरलँडिंग म्हणजे गाडीत घर भरून लांबच्या आणि शक्यतो वाईट रस्त्यांनी जाणं, आणि वाटेत हॉटेल दिसलं तरी न थांबणं. यात 'शक्यतो वाईट' हे महत्त्वाचं. चांगल्या रस्त्यानं गेलं तर लोक त्याला नुसता प्रवास म्हणतात.

बाहेरून बघणाऱ्याला हा भटकण्याचा छंद वाटतो. मी मागच्या सीटवर बसून तो बराच बघितला आहे आणि माझ्या मते हा मुळात भांडी लावण्याचा छंद आहे. पुरुषांना तो उजळ माथ्यानं करता यावा म्हणून त्याला चार चाकं आणि एक इंग्रजी नाव दिलेलं आहे. दोन साधे मोटारवाले भेटले की बॉनेट उघडतात. दोन ओव्हरलँडर भेटले की मागचं दार उघडतात आणि एकमेकांच्या खणांत डोकावतात. "चॅनल कुठला घेतलास?" "लॅच धरतं का खड्ड्यात?" "कांदे कुठे ठेवतोस?" कांदे कुठे ठेवतोस, हा प्रश्न पन्नाशीच्या दोन पुरुषांनी इतक्या जिव्हाळ्यानं एकमेकांना विचारलेला मी दुसरीकडे कुठेही ऐकलेला नाही. त्यांच्या घरचे कांदे वर्षानुवर्षं एकाच टोपलीत आहेत. त्या टोपलीची चौकशी कुणी करत नाही.

जिम्नीच्या मागच्या सीट उभ्या ठेवल्या तर सामानाला २०८ लिटर जागा मिळते. सीट पाडल्या तर ३३२. आता २०८ लिटर म्हणजे चारचौघांच्या घरातला एकदारी फ्रिज. त्या फ्रिजएवढ्या जागेत ठेवायला मालकांनी सगळ्यात आधी काय आणलं? फ्रिज. चाळीस लिटरचा, बारा व्होल्टवर चालणारा, आणि स्वतःच्या रुळांवरून सरकत बाहेर येणारा. तो आल्यावर त्याच्या शेजारी काय बसेल, वर काय बसेल, आणि तो बाहेर सरकला की कशाला आपटेल, याचा विचार सुरू झाला. तो अजून संपलेला नाही.

खण करायला सुतार गाठला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळचा. मालकांनी त्याच्यापुढे मिलिमीटरमधलं चित्र पसरलं. सुतारानं ते आडवं धरून बघितलं, उभं धरून बघितलं.

"साहेब, ही किचन ट्रॉली ओट्याखाली बसवायची का?"

"गाडीत."

"टेम्पोत?"

"जिम्नीत."

सुतारानं कानावरची पेन्सिल काढली आणि परत कानावर ठेवली.

त्याचं म्हणणं बारा मिलिमीटरचा प्लाय पुष्कळ झाला. मालकांना अठराचा मरीन प्लाय हवा होता, कारण लडाखला रस्त्याच्या लाटा लागतात. आठ बाय चारची अठरा मिलिमीटरची एक शीट पस्तीस किलोच्या आसपास भरते. शिवाय टेलिस्कोपिक चॅनल, त्यांचे स्क्रू, वरून सनमायका, कोपऱ्यांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. सगळं बसवून झाल्यावर असं निघालं की सामान ठेवण्यासाठी केलेले खण हेच गाडीतलं सगळ्यात जड सामान आहे. वजनाचा हा हिशेब जुळवण्यासाठी मालकांनी स्टीलचे चमचे काढून टायटॅनियमचे घेतले.

उरलेल्या वस्तूंसाठी बोहरी आळीच्या फेऱ्या झाल्या. बोहरी आळीत काय मागावं ते मिळतं, फक्त ते कशासाठी हवंय हे सांगू नये. मालकांनी सांगितलं. दुकानदारानं पोऱ्याला हाक मारली, पोऱ्यानं शेजारच्या दुकानदाराला बोलावलं, आणि तिघांनी मिळून त्यांना सल्ला दिला की साहेब, एक मोठी ट्रंक घ्या आणि मोकळे व्हा. मालक तिथून उठून जुन्या बाजारात गेले आणि दारूगोळ्याची असावी अशी दिसणारी एक हिरवी पेटी घेऊन आले. तिच्यात आता पोहे असतात.

मग आलं लेबलांचं यंत्र. हे यंत्र घरात शिरलं की माणूस बदलतो. पहिल्या दिवशी 'मीठ', 'साखर', 'हळद' झालं. दुसऱ्या दिवशी 'खण १', 'खण २'. तिसऱ्या दिवशी मालकांनी यंत्रावरच 'लेबल यंत्र' असं लेबल लावलेलं मी पाहिलं. हिंगालाही लेबल लावलं, ज्याची गरज हिंगाला कधीच पडलेली नाही. सगळ्या वस्तूंचा एक तक्ता तयार झाला: वस्तू, खण, रांग, वजन ग्रॅममध्ये. तो लॅमिनेट होऊन मागच्या दाराच्या आतल्या बाजूला लागला.

वहिनी हे सगळं शांतपणे बघत होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा आहे. गोल, स्टीलचा, आत सात वाट्या, लेबल एकही नाही, आणि कुणी आजवर जिऱ्याऐवजी मोहरी टाकलेली नाही. त्या एकदाच म्हणाल्या, "अहो, हा डबाच न्या की." मालकांनी फूटपट्टी लावून बघितली. डब्याचा व्यास खणाच्या रुंदीपेक्षा थोडा जास्त भरला. गोल वस्तू जागा खातात, असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. चार गोल भांड्यांच्या मध्ये जी जागा उरते तिला ते 'मृत जागा' म्हणतात. हे म्हणताना त्यांचा आवाज थोडा खाली जातो.

वहिनींना भोळ्या समजू नये. सामानाच्या बाबतीत त्यांचंही एक तत्त्वज्ञान आहे आणि ते मालकांच्या तत्त्वज्ञानाइतकंच घातक आहे. मालकांचा मंत्र 'जागेवर'. वहिनींचा मंत्र 'असू दे, लागतं कधीतरी'. या मंत्राखाली कुकरची जास्तीची रिंग येते, किसणी येते, शेंगदाण्याचं कूट येतं, आणि एका पिशवीत बाकीच्या पिशव्या येतात. मंत्र एवढा जुना आहे की आपल्याकडची निम्मी माळ्यावरची अडगळ त्याच्यावर उभी आहे. 'जागेवर'वाल्याला वस्तू कुठे आहे हे माहीत असतं पण ती काढता येत नाही. 'असू दे'वाल्यांकडे वस्तू असतेच, फक्त कुठे ते देवाला माहीत. ही दोन माणसं एका गाडीत बसली की तिसऱ्यानं मागे बसून खिडकीबाहेर बघावं.

खणांची ही विद्या आली ऑस्ट्रेलियातून. मालक जेवण झाल्यावर तिकडच्या माणसांचे व्हिडिओ बघतात. त्या माणसांना दाढी असते, कुत्रा असतो, आणि मागे क्षितिजापर्यंत काहीही नसतं. तिथे कॅनिंग स्टॉक रूट नावाचा गुरं हाकण्याचा जुना मार्ग आहे. विलुनापासून हॉल्स क्रीकपर्यंत सुमारे १,८५० किलोमीटर, सगळी वाळू आणि वाळूच्या टेकड्या. इंधन मिळतं ते मधल्या कुनावरिट्जी नावाच्या एका वस्तीवर. अशा ठिकाणी मिठाची पुडी घरी राहिली तर पुढचे कित्येक दिवस अळणी जेवायचं. तिथल्या माणसानं खण केले, त्यांना कुलपं लावली, तक्ता टांगला, तर त्याला शहाणा म्हणावं लागेल.

महाराष्ट्रात अळणी राहायचं तर मुद्दाम प्रयत्न करावे लागतात. कुठल्याही घाटात, कुठल्याही धरणाकाठी, माणूस जिथे गाडी थांबवेल तिथे आधीच एक टपरी असते आणि तिच्यावर कांदाभजी तळून चाललेली असते. पानशेतच्या पाण्याकाठी मालकांनी पहिल्यांदा सगळा संसार मांडला तेव्हा टपरी हाकेच्या अंतरावर होती. ऑनिंग, म्हणजे गाडीला लावलेलं कापडी छत, उघडली, टेबलाचे पाय जोडले, स्टोव्हभोवती वाऱ्याचा आडोसा उभा केला, आणि चहापूड काढायला गेले तर तो खण टेबल उघडं असताना उघडत नाही असं लक्षात आलं. टेबल मिटवायचं, खण उघडायचा, चहापूड काढायची, खण लावायचा, टेबल उघडायचं. तेवढ्यात साखर आठवली. टपरीवाला हे सगळं बघत होता. अखेर तो तीन कटिंग घेऊन स्वतःच चालत आला. पैसे देताना मालकांचा चेहरा बघवत नव्हता.

सरावासाठी रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांडामांड चाले. हातात घड्याळ धरून. तळमजल्यावरचे आजोबा दर वेळी विचारत, "शिफ्टिंग का?"

आता इतिहासाकडे बघितलं तर चाकांवरचं स्वयंपाकघर मालकांच्या कल्पनेपेक्षा बरंच जुनं निघतं. टेक्ससचा गुराखी चार्ल्स गुडनाइट यानं १८६६ साली, कळप शेकडो मैल हाकत न्यायचे म्हणून, सैन्याची एक जुनी दणकट घोडागाडी घेतली आणि तिच्या मागच्या टोकाला खणांचं लाकडी कपाट ठोकलं. कपाटाचं बिजागरीचं झाकण खाली पाडलं की झाला ओटा. खणांत पीठ, कॉफी, मीठ, कडधान्य. आज मालकांच्या गाडीचं मागचं दार उघडलं की जी फळी खाली येते ती थेट त्या ओट्याची नात. त्या गाडीवरचा स्वयंपाकी भलताच तापट असे आणि त्याच्या ओट्याच्या आसपास घोडा आणायची कुणाची टाप नसे. रात्री निजण्यापूर्वी तो गाडीचा दांडा ध्रुवताऱ्याकडे करून ठेवी, म्हणजे सकाळी दिशेचा घोळ नको, असं सांगतात. मालकांना ही गोष्ट फार आवडते. तापटपणाचा भाग ते मनापासून पाळतात.

त्यांच्या भिंतीवर आणखी एक फोटो आहे. १९५५-५६ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे सहा विद्यार्थी दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून निघाले आणि जमिनीच्या रस्त्यानं सिंगापूरला पोचले. त्या गाड्यांचा हा फोटो. सामान गाडीवर नुसतं लादून बांधलेलं दिसतं. मी म्हटलं, "बघा, लेबल एकही नाही, आणि सिंगापूर गाठलं."

"म्हणूनच सहा माणसं लागली," मालक म्हणाले.

पण माझं मत विचाराल तर या विद्येचे खरे आचार्य बघायला टेक्ससला जायचं कारण नाही. ज्येष्ठ-आषाढात आळंदी-पंढरपूर रस्त्यावर उभं राहावं. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या आणि रथामागे शेकडो. माणसं चालतात आणि त्यांचं घर ट्रकमधून पुढे जातं. राहुट्या, बांबू, वळकट्या, शेगड्या, सिलिंडर, माणूस आत बसेल अशी पातेली, पोत्यांनी पीठ. मुक्कामाला पोचल्यावर बघता बघता गाव उभं राहतं आणि पहाटे ते परत ट्रकमध्ये जातं. रोज. पावसात. तिथे तक्ता नाही आणि लेबल यंत्र नाही. ट्रक भरणाऱ्या एका मामांना मी विचारलं, हे सगळं लक्षात कसं राहतं? त्यांनी वळकटी वर फेकता फेकता उत्तर दिलं, "जे आधी लागतं ते शेवटी भरायचं. बाकी माउली."

हे मी मालकांना सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. वही कुठल्या खणात ठेवायची यावर मात्र निर्णय झाला नाही.

आम्ही मनालीमार्गे लेहला निघालो तेव्हा माझी जागा ठरलेली होती. मागची अर्धी सीट पाडून तिथे फ्रिज, उरलेल्या अर्ध्या सीटवर मी. वजन डाव्या-उजव्या बाजूला सारखं हवं, जड सामान खाली आणि दोन्ही आसांच्या मध्ये हवं, हलकं वर, असा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. छपरावर वजन चढवलं की वळणावर गाडी डुलते. मालकांनी सगळ्यांची वजनं तक्त्यात भरली होती. मी 'खण ४' आणि 'पाणी' यांच्या मधल्या ओळीत होतो.

पाणी होतं जेरीकॅनमध्ये. या डब्याबद्दल मात्र मी चेष्टा करणार नाही. जर्मन सैन्यासाठी १९३७ साली घडवलेला वीस लिटरचा हा डबा म्हणजे डोक्यानं केलेली वस्तू आहे. वर तीन मुठी. भरलेला असेल तर एकट्यानं मधली मूठ धरावी, नाहीतर दोघांनी बाजूच्या दोन. रिकामे असतील तर बाजूची मूठ धरून एका हातात दोन न्यावेत. आजही त्याचा आकार जवळजवळ तोच आहे. ज्याला हा डबा सुचला त्यानं बहुधा आयुष्यात एकही लेबल लावलं नसेल.

वहिनींच्या पायाशी एक कापडी पिशवी होती. तिची नोंद तक्त्यात नव्हती. मालकांनी तिच्याकडे दोनदा बघितलं आणि सोडून दिलं. केलाँगच्या अलीकडे टांडीच्या पंपावर, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची ती प्रसिद्ध पाटी आहे. तिथे सगळे जण उतरून फोटो काढतात. आम्हीही काढला आणि नंतर गाडीची किल्ली सापडेना. ती वहिनींच्या पिशवीत निघाली, पण त्यासाठी पिशवी बॉनेटवर पालथी घालावी लागली. मिसळणाचा डबा, सांडशी, जुनी सुरी, सुतळीचं बंडल, चार लिंबं, भाजणीची पिशवी, वर्तमानपत्राचे कागद आणि सगळ्यांत शेवटी किल्ली. "म्हटलं ना, आहे," वहिनी म्हणाल्या. मालकांनी डबा बघितला आणि काही बोलले नाहीत. मृत जागा त्यांना तिथेही दिसत असावी.

बारालाच्याच्या पुढे रस्त्याला खरोखरच लाटा लागल्या. या लाटांवरून गाडी गेली की ती नुसती हादरत नाही, ती चाळते. फिरकीची झाकणं आपोआप सैल होतात आणि बरण्या रिकाम्या होऊ लागतात. मोहरी खणात आली, खणातून चॅनलमध्ये गेली आणि चॅनल गोळ्यांच्या बेअरिंगवर चालत असल्यामुळे मोहरीला तिथे आपली माणसं भेटली. त्यानंतर तो खण पूर्वीपेक्षा जास्त गुळगुळीत सरकू लागला, हे कबूल केलं पाहिजे. ॲल्युमिनियमच्या डब्यांनी एकमेकांना घासून काळी पूड काढली. धूळ आली ती मागून. गाडी पळते तेव्हा तिच्यामागे हवेचा दाब कमी होतो आणि मागे उडालेली धूळ दाराच्या फटीतून आत ओढली जाते. पुढच्या झरोक्यातून पंखा लावून आत हवा भरत राहिलं तर ती थोडी अडते. मालकांना हे माहीत होतं. पण त्या थंडीत पंखा लावायला वहिनींची परवानगी नव्हती. लेबलं सगळी धुळीखाली गेली. सातच्या सात वाट्यांचा डबा मात्र पायाशी पडून होता आणि त्यातली हळद हळदीच्याच वाटीत होती.

सरचूला, ४,२९० मीटरवर, रात्री बाहेर पारा शून्याखाली गेला. फ्रिज चार अंशांवर लावलेला. म्हणजे आमच्या भाज्या त्या रात्री आमच्यापेक्षा उबेत होत्या. मालकांनी पिण्याचं पाणी गोठू नये म्हणून बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या. फ्रिजचा असा उपयोग त्याच्या माहितीपत्रकात नाही, पण मला तो त्याचा सगळ्यात खरा उपयोग वाटला.

स्वयंपाकाची तिथे वेगळीच गंमत होते. त्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात खळखळा उकळणारा भात तासाभरानंही दाताखाली कचकच करतो. कुकर वाचवतो, पण त्यालाही पुण्याच्या हिशेबानं शिट्ट्या मोजून चालत नाहीत, वर दोन-तीन द्याव्या लागतात. मालकांच्या तक्त्यात त्या रात्री 'पुलाव' होता, खण २ आणि ३ मधून. ते पातेल्यावर झाकण ठेवून उभे राहिले. वहिनींनी थोडा वेळ वाट बघितली, मग भाजणी भिजवली आणि तव्यावर थालीपीठ लावलं. तव्यात उकळायला पाणी नसतं, त्यामुळे तव्याला उंचीशी काही देणंघेणं नाही. थालीपीठ सरचूला जेवढं खरपूस होतं तेवढंच सदाशिव पेठेत होतं. पुलाव आम्ही दुसऱ्या दिवशी खाल्ला. कचकच तशीच होती.

गाटा लूप्सची एकवीस वळणं चढून, लाचुंग ला उतरत असताना टायर गेलं. इथे मामांची आठवण झाली. जॅक गाडीच्या तळाच्या कप्प्यात होता. त्या कप्प्यावर अठरा मिलिमीटरचा मरीन प्लाय होता. प्लायवर खण १ ते ३, आणि ते काढायचे तर आधी रुळांसकट फ्रिज. मालकांनी रस्त्याच्या कडेला ताडपत्री पसरली आणि तक्त्याप्रमाणे एकेक वस्तू उतरवायला सुरुवात केली. क्रम चुकू नये म्हणून. शेवया, कॉफी, टायटॅनियमचे चमचे, पोह्यांची हिरवी पेटी. मागून आलेला ट्रक थांबला. सरदारजी उतरले, आमच्या मांडलेल्या संसारावरून नजर फिरवली आणि आपल्या ट्रकच्या बाजूची पेटी उघडली. आत स्टोव्ह, काळा पडलेला कुकर, पोळपाट-लाटणं, कांद्याची पिशवी, आणि सगळ्यांच्या वर, हात घातला की लागेल असा, जॅक. त्यांनी चाक बदललं तेव्हा मालक खण ३ पर्यंत पोचले होते. सगळं परत भरायला जो वेळ लागला त्यात सरदारजी लेहला पोचून आले असते.

पांगला पोचेपर्यंत भूक कडाडली होती. पांग साधारण ४,६०० मीटरवर आहे आणि तिथे पॅराशूटच्या कापडाच्या तंबूंतून ढाबे चालतात. राजमा-भात, ऑम्लेट, मॅगी, चहा, रात्री निजायला गाद्या. वाऱ्यात फडफडणारं कापड, आत उबदार, शेगडी पेटलेली. मी त्या दिशेनं दोन पावलं टाकली.

"कुठे निघालास?" मालकांनी विचारलं. "आपल्याकडे सगळं आहे."

तंबूंच्या रांगेला लागूनच त्यांनी गाडी लावली. ऑनिंग उघडली. फळी पाडली, टेबल जोडलं, स्टोव्ह मांडला, आडोसा उभा केला. पानशेतचा अनुभव जमेस धरून त्यांनी या वेळी चहापूड आणि मॅगी आधीच बाहेर काढून ठेवली होती, हे सांगायला पाहिजे. सगळं इतकं नेटकं दिसत होतं की शेजारच्या तंबूतल्या आजी बाहेर येऊन उभ्या राहिल्या. खण बघितले, सरकणारा फ्रिज बघितला, फळी हातानं दाबून बघितली. मग आत जाऊन आणखी एका बाईंना घेऊन आल्या. मालकांनी दोघींना सगळं पुन्हा उघडून-मिटवून दाखवलं. इतका खरा जाणकार प्रेक्षक त्यांना आयुष्यात भेटला नव्हता.

एवढ्यात मोटारसायकलींचा एक ताफा येऊन थांबला. पोरं गारठलेली. हेल्मेट काढत त्यातला एक जण थेट आमच्या ऑनिंगखाली आला आणि बाकावर बसला.

"भैया, मॅगी कितने की?"

मालक मॅगीचं पाकीट हातात धरून उभे राहिले. त्यांना काय वाटत होतं ते सांगणं अवघड आहे. त्यांच्या आंतरराष्ट्रीय दर्जाच्या मोहिमेला कुणीतरी ढाबा म्हटलं होतं, पण मांडणी बघूनच म्हटलं होतं. आजी हसत होत्या. मुलाच्या मागे आणखी पाच जण येऊन टेकले.

"प्लेन सत्तर, अंडा नब्बे," पिशवीतून मिसळणाचा डबा काढत वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, तेवढी अंडी द्या. खण दोन."

"तीन," मालक म्हणाले. "आणि आधी टेबल मिटवावं लागेल."